तुझा हात कासाराच्या हातात

तू गेलीस त्याला आज एकवीस दिवस झाले. माणसं येतात, बसतात, चहा नको म्हणतात आणि पितात. "अहेव गेली, भाग्याची होती," असं म्हणून उठतात. मी मान हलवतो. मनात आहे ते कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून तुलाच सांगतो. मला शांताराम कासाराचा हेवा वाटतो. तू होतीस तेव्हाही वाटायचा. मला वाटलं होतं, तू गेलीस की हेवाही जाईल. गेला नाही. दुपारी पडवीत एकटा बसलो की नुसता जळतो.

"काय मेलं हे, सत्तरीला आलात," असं तू म्हणशील. म्हण. सत्तरीला आलेल्या माणसाची बायको दुसऱ्याच्या हातात हात देऊन बसली तर त्याला दिसत नाही की काय?

कासार म्हटला की हात धरणारच, एवढं मला कळतं. आधी त्याचा बाप यायचा, मग तो यायला लागला. दरवर्षी गणपतीच्या आधी आपल्या पडवीत गाठोडं सोडायचा आणि वाडीतल्या बाया जमायच्या. मी समोर अंगणातल्या खळ्यात बसून जुन्या पेट्यांचे खिळे सरळ करत असायचो. जन्मभर आंब्याच्या पेट्या ठोकल्या, दुसरं काही आलं नाही. कान मात्र तिकडेच. "हात सैल सोडा वयनी," असं तो म्हणायचा. तुझा अंगठा आत मुडपायचा, पेरं हळूहळू दाबायचा आणि बांगडी वर गेलेली तुला कळायचीही नाही. झालं की तू त्याला वाकून नमस्कार करायचीस. रीत आहे, ठाऊक आहे मला. तरी दरवर्षी त्या वेळी माझा हातोडा एकदा तरी बोटावर बसायचा.

पण ते वर्षाचं एकदाचं. यंदा काय झालं ते निराळं.

यंदा पुण्यात तो डुकराचा ताप सुटला. टीव्हीवर रोज तेच. आपली नंदा तिथे, आठवा सरत आलेला. जावयानं तिला यष्टीत बसवलीन आणि मी हातखंब्याला जाऊन तिला उतरवून घेतली. तोंडावर ओढणी गुंडाळलेली. रिक्षावाल्यानं विचारलंन, "कुठून आल्या बाई?" तर ही म्हणाली, "कोल्हापुरातून." पुणं म्हटलं असतं तर त्यानं बसवली नसतीन. तू दारात भाकरीचा तुकडा ओवाळून टाकलास आणि तिला जवळ घ्यायच्या आधी थबकलीस. मी बघितलं ते. आपल्या पोरीला जवळ घ्यायला तू घाबरलीस, आणि त्या घाबरण्याची तुला लाज वाटली. त्या दिवसापासून तुझं हात धुणं सुरू झालं.

नर्सबाई येऊन सांगून गेली, साबण लावून वीसपर्यंत मोजायचं, मग हात धुवायचे. तुला शाळा ठाऊक नाही. अठरापर्यंत ठीक यायचीस. पुढे एकोणीस यायचं नाही, तोंडात एकोणतीस यायचं. मग स्वतःवर चिडून पुन्हा एकपासून. मी पडवीतून ओरडायचो, "एकोणीस गो, एकोणीस!" तू म्हणायचीस, "मध्ये बोलू नका, चुकतं माझं." आणि परत एक. नंदा बाळंत झाली, मुलगी झाली, मग तर काय विचारायलाच नको. बाळाला उचलायच्या आधी धुवायचे, ठेवल्यावर धुवायचे, लंगोट बदलला की धुवायचे. पेपरवाला येऊन गेला, धुतले. मी बाजारातून पिशवी आणून दिली, धुतले. एकदा माझा नुसता सदरा वाळत घातलास आणि धुतलेस. अंगाच्या साबणानं जंतू मरत नाहीत म्हणून कपड्यांच्या साबणाचा बार घेतलास, आणि पाणी चांगलं कढत.

महिन्याभरात तुझे हात गेले. आधी लाल झाले, मग खाज, बोटांच्या बेचक्यांत बारीक पाण्याचे फोड, मग भेगा. तळव्याची चामडी सुक्या मातीसारखी फाटली. मासळी करताना मीठ लागलं की तुझ्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि तू मिरचीवर ढकलायचीस.

डाक्टरकडे नेली. मी बाहेर बाकावर बसलो. तू येऊन म्हणालीस, "इसब म्हणाले. साबण कमी करा म्हणाले. मलम दिलंय." मलमाची ती एवढीशी नळी बघून मला वाटलं, एवढ्यानं काय होणार? माझं डोकं चाललं तसं मी केलं. इसब झालाय म्हणजे इसबगोल. नावातच आहे. दुकानातून पुडा आणला आणि रोज संध्याकाळी दुधात ढवळून तुझ्या हातात पेला द्यायला लागलो. तू एक अक्षर न बोलता प्यालीस. पाच दिवस. परसाकडे जाऊन जाऊन दमलीस आणि दर खेपेला येऊन हात धुतलेस, त्याच कपड्यांच्या साबणानं, कढत पाण्यानं.

आणि सहाव्या दिवशी गाठोडं घेऊन शांताराम आला. बाळंतिणीला बांगड्या भरायला.

"वयनी, तुमचा हात बघू."

"नको हो शांतारामभाऊ. बघवणार नाही तुम्हाला."

"मला बघवणार नाही? हे बघा," म्हणाला आणि त्यानं आपले दोन्ही पंजे उलटे करून तुझ्यापुढे धरलेन. त्याचेही तसेच. लाल, चिरलेले, बोटांच्या पेरांवर चामडी जाड झालेली. "साबणाच्या पाण्यात हात घालायचा आणि बायकांचे हात चोळायचे, जन्म गेला. आमच्या धंद्याचं लेणं आहे हे. इसब. औषध काय चाललंय?"

"मलम आहे. आणि हे दुधातून इसबगोल देतात."

"कोण देतात?"

"हे."

त्यानं माझ्याकडे बघितलंन. मी खिळ्याकडे बघितलं.

"इसबावर इसबगोल? अहो तात्या, दुखणं हातावर आहे, तुम्ही पोट साफ करताय! मग वयनी, पाच दिवस हात उलट जास्तच धुवावे लागले असतील की."

आणि तू हसलीस. तोंडात पदर कोंबून हसलीस, खांबाला टेकून हसलीस, आत नंदा काय झालं काय झालं विचारते तर तुला सांगताही येईना. नंदाच्या लग्नानंतर तुला एवढी हसलेली मी बघितली नव्हती. मीही हसायला हवं होतं, मूर्खपणा माझाच होता. पण मला एकच दिसत होतं. तुम्ही दोघं समोरासमोर, चारही हात एका रंगाचे, आणि मी खळ्यात एकटा.

आपलं एक भांडण राहिलं आहे ते हेच. तुला माहीत होतं का, की इसबगोल त्याचं औषध नव्हे? माहीत होतं तर प्यालीस कशाला? मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "तुम्ही देत होतात, मी घेत होते." हे काय उत्तर झालं? मी त्यावर आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तू उठून बाळाकडे गेलीस.

त्या दिवशी त्यानं तुला आणखी एक शिकवलंन. तुझं मोजणं ऐकलंन आणि म्हणाला, "वयनी, वीस कशाला? बारापर्यंत मोजा. डझन झाला की पुरे. बांगड्या मोजता तसं." बारापर्यंत तुला पक्कं येत होतं. दुसऱ्या दिवसापासून तुझं धुणं निम्म्यावर आलं. दीड महिना मी एकोणीस, एकोणीस म्हणून कोकलत होतो. मला बारा का सुचलं नाही गो?

मग बांगड्यांचं. मनगटाशी पाणी साचून तिथली चामडी जास्तच चिघळली होती. डाक्टरानंही काढा म्हणून सांगितलं होतं, तू ऐकत नव्हतीस. मी चिडून म्हणालो, "फोडून टाक म्हणावं त्याला." तू माझ्याकडे वळून बघितलंस. "असं बोलू नये. वाढवा म्हणावं," म्हणालीस. माझ्या आयुष्यासाठी तू काचेखाली अंग चिघळू देत होतीस, आणि फोड हा शब्द माझ्याच तोंडून गेला. शांतारामनं तेलाची वाटी मागितलीन. मनगटातल्या बांगड्या एकेक करून, एकही न वाढवता, साबणाशिवाय, नुसतं तेल लावून उतरवल्यान. मग मोठ्या मापाच्या दोन हिरव्या काढल्यान आणि पार कोपराकडे सरकवून बसवल्यान. "हात भुंडा नाही आणि जखमेला काच नाही," म्हणाला. तुझं माप सव्वादोन, या अडीचच्या, हे तो बोलता बोलता बोलला. चाळीस वर्षं संसार करून तुझ्या हाताला माप असतं हे मला ठाऊक नव्हतं. त्याला पाठ होतं.

पुढे तो आठ दिवसांनी यायला लागला. गाठोडं नाही, बांगड्या नाहीत. हातात मुठेलाचा गोळा, रातांब्याच्या बियांचं ते घट्ट तेल. त्याच्या घरी बायकोनं काढलेलं. विस्तवाशी धरून पातळ करायचा आणि तुझ्या भेगांत एकेक करून भरायचा. तुम्ही बोलायचात काय? रात्री खाज येते का, बोटं वळतात का, थंडी पडली की वाढेल का. दुखणंच सारखं होतं तुमचं. मला मेल्याला कसली खाज नाही, काही नाही.

आता हे सांगतो, हसायचं तर हस. तीन दिवस मी चोरून विहिरीवर जात होतो. तुझा तो साबणाचा बार घेऊन. कढत पाणी बादलीतून न्यायचं आणि घासायचं. वीस नाही, शंभरपर्यंत मोजून. म्हटलं, मलाही होऊ दे एकदा. मीही हात पुढे करीन, माझेही बघतील कोणी. पन्नास वर्षं हातोडा धरलेली चामडी ती. साबण झिजला, हात तसेच. साधे लालही झाले नाहीत.

चौथ्या दिवशी जेवायला बसलो. तू भाकरी वाढायला आलीस. नुकताच तो येऊन गेला होता, तुझ्या हाताला मुठेलाचा वास येत होता. मी पान बाजूला सारलं आणि म्हणालो, "त्या हातांनी मला वाढू नकोस."

लागत नाही, पसरत नाही, हे डाक्टरानं सांगितलेलं मला माहीत होतं. नंदानंही आतून ओरडून सांगितलंन, "बाबा, ते लागत नाही कुणाला!" मला ते माहीत असून मी बोललो. आत गेलीस. परत आलीस ती दोन्ही हातांत बाजाराच्या प्लास्टिकच्या पिशव्या घालून, मनगटाला दोऱ्यानं बांधून. वाढलंस. दुसऱ्या दिवशीही तसंच. आठ दिवस त्या पिशव्यांची चुरचुर ऐकत मी जेवलो. एकदा नको म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं? पण मी तसाच. तू मला ओळखतेस.

नवव्या दिवशी मला राहवेना. तू परसात अळवाला पाणी घालत होतीस. मी मागून गेलो आणि तुझा हात धरला. तू चटकन मागे घेतलास. "नको," म्हणालीस. "तुमचा हात खरखरीत आहे हो. लागतो."

खरखरीत आहे. खोटं नाही. पण त्याचा काय मऊ होता? त्याच्याही हातावर चामडी खवल्यांसारखी. त्याचा चालला, माझा लागला. ते लागणं खरं होतं की मी बोललो त्याचा राग होता, हे मला तुला विचारायचं होतं. आज विचारू, उद्या विचारू करत राहिलो. पिशव्या तू त्याच दिवशी काढून टाकल्यास. मला वाटलं मिटलं. पंधरा दिवसांनी सकाळी त्याच अळवाशी तू खाली बसलीस आणि रिक्षा येईपर्यंत संपलीस. हृदय बंद पडलं म्हणाले. तुझं हृदय मी कधी दाखवायला नेलं नव्हतं. हातच दाखवत राहिलो.

तुला ओटीवर ठेवली. अहेव म्हणून हिरव्या बांगड्या भरायच्या. बाया भरायला गेल्या, त्यांना जमेना. कुणीतरी शांतारामला निरोप धाडलान. तो अनवाणी आला. तुझ्याशेजारी बसला आणि हात पुढे केलान. मी म्हणालो, "हात लावायचा नाही. मी भरणार."

शेजारची काशी म्हणाली, "तात्या, पुरुष भरतात का कुठे बांगड्या?"

"मग हा कोण? बाई आहे?"

नंदा रडायची थांबली. शांताराम मात्र सरकून बसला आणि बांगड्या माझ्या हातात दिल्यान. पहिली मी जोरानं लोटली, वाढली. दुसरी घेतली तेव्हा तो हळूच म्हणाला, "जोर नको तात्या. अंगठा आत मुडपा. आता पेरावर थांबा. थांबा. आता सोडा." तो सांगत गेला, मी भरत गेलो. दोन्ही हातांत. त्यानं तुला बोटही लावलंन नाही. तुझा हात एवढा वेळ माझ्या हातात कधीच नव्हता, लग्नातसुद्धा नाही. सैल सोडा म्हणून तुला सांगावं लागलं नाही. तळव्यावर नवी चामडी आली होती, गुलाबी, आपल्या नातीच्या तळव्यासारखी. बरा होत आला होता गो हात. ती चामडीही त्याच्या तेलानं आलेली.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मी बाजारात त्याच्या दुकानात गेलो.

"बसा तात्या."

"बसायला नाही आलो. त्या हातांनी वाढू नको म्हणून मी तिला बोललो, ते तिनं तुला सांगितलंन?"

तो बांगड्यांना दोरा बांधत होता. "सांगितलंन."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, पिशवी घालून वाढते, हे खाली बघून जेवतात. एकदा तरी वर बघतील असं वाटलं होतं."

त्यानं स्टूल पुढे केलंन, मी बसलो. म्हटलं, "मग मी हात धरायला गेलो तेव्हा मागे का घेतलान? खरखरीत आहे म्हणाली."

"तेही सांगितलंन. मी म्हटलं, वयनी, खरखरीत तर माझेही आहेत. तर म्हणाली, मुकाट्यानं धरायला आले हो शांतारामभाऊ. चुकलं म्हणून तोंडानं मागितला असता तर दिला असता. मागतील. मी कुठे जात्ये?"

मी त्याला शिवी दिली. आईवरून दिली, बाजारात, चार गिऱ्हाइकांदेखत. "हे मला तेव्हा का नाही सांगितलंस?"

तो म्हणाला, "नवराबायकोच्या मध्ये कासारानं किती यायचं, तात्या? मनगटापर्यंत. त्याच्या पुढे नाही."

तो भला माणूस आहे. म्हणूनच जास्त हेवा वाटतो. वाईट असता तर सोपं होतं. तुझं हसणं त्याच्याकडे, तुझं माप त्याच्याकडे, आणि माझ्यासाठी ठेवलेलं बोलणंही त्याच्याचकडे ठेवून गेलीस. माझी वस्तू मला त्याच्या दुकानातून आणावी लागली. याचा राग मला तुझ्यावर आहे आणि तो जाणार नाही. तू विहिरीवर मला एकदा तरी बघितलं असशील साबण घासताना. बघितलं असशील तर हाक का मारली नाहीस? की तेव्हाही वाट बघत होतीस, हे आपणहून बोलतात का म्हणून?

तोंडानं मागायला हवा होता, ते राहिलं. आता लिहून मागतो. चौथीपर्यंतची अक्षरं आहेत, नंदा शुद्ध करते म्हणाली, मी नको म्हटलं. ती हे मोठ्यानं वाचणार आहे, आपल्या पडवीत, शांतारामलाही बोलावलं आहे. त्याच्यादेखत मागायचा आहे. त्या हातांनी वाढू नकोस म्हणालो ते हातांमुळे नव्हे. तू त्याच्याबरोबर हसत होतीस आणि माझ्याबरोबर हसत नव्हतीस, म्हणून बोललो. आठ दिवस तू पिशव्या बांधून वाढलंस, मी वर बघितलं नाही. चुकलं माझं. आता वर बघतो आहे. हात दे.